अस्सल हिरवा रंग

"काका, खिडकीचा रंग सोलतोय," वरच्या मजल्यावरची भाडेकरीण दारात उभी राहून म्हणाली. "आणि आमची चिमणी चौकट चावते. जुन्या रंगात शिसं असतं म्हणे. लहान मुलांच्या मेंदूला वाईट."

"अगं, अस्सल रंग आहे तो!" घरमालक काका छाती फुगवून म्हणाले. "वडिलांनी दिलेला. असा रंग आता बाजारात शोधूनही मिळायचा नाही."

"का नाही मिळत, काका?"

काकांची छाती होती तेवढी झाली. का मिळत नाही ते त्यांना चांगले ठाऊक होते. काका कारखान्यातून सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. डोक्यावर टोपी नसलेला कामगार दिसला की ते असे खेकसत, की सगळा कारखाना त्यांना पाठीमागे 'हेल्मेट' म्हणे. शिशाचा रंग वापरायचा नाही, ही सूचना तिथल्या फळ्यावर त्यांनीच लावली होती. तशाच रंगाची खिडकी आपल्या घरात आहे, हे तेव्हा त्यांच्या मनात आलेच नव्हते असे नाही. आले होते, पण त्यांनी ते झटकून टाकले होते.

"बघतो," काका म्हणाले.

"बघा. पण मी तपासनीस बोलावलाय. शिसं निघालं तर रंग नीट काढून देणं घरमालकाचं काम, असं तो म्हणाला. सोमवारी येतोय."

काकांनी बराच विचार केला आणि तो नेमका चुकीच्या दिशेने केला. रंगच सापडला नाही, तर तपासनिसाला शिसे कुठून सापडणार? रविवारी वरची मंडळी पाहुण्यांकडे गेली, तसे काका जवळची किल्ली आणि पॉलिश पेपर घेऊन वर चढले. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, खाली काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून दार लावले, आणि तोंडाला साधे फडकेही न बांधता चौकट घासायला घेतली. कारखान्यात कोणी असे करताना दिसला असता, तर 'हेल्मेट'ने त्याची सात पिढ्यांसकट हजेरी घेतली असती.

घासलेला रंग नाहीसा होत नाही, त्याची पूड होते. हे काकांच्या लक्षात आले तेव्हा गादीवर, चादरीवर आणि चिमणीच्या खेळण्यांवर हिरवट थर बसला होता. घाबरून त्यांनी पंखा लावला. मग पूड स्वयंपाकघरातही गेली. शेवटी त्यांनी झाडू घेतला आणि जे खाली बसले होते तेही उडवले.

संध्याकाळी भाडेकरणीने दारावर थाप मारली.

"काका, जिन्यावर हिरवी पावलं आहेत. तुमच्या दारापर्यंत."

"मांजर असेल गं."

"चपला घातलेलं?"

सोमवारी तपासनीस आला. त्याने सगळीकडे बोटे फिरवली आणि मान हलवली. "परवा आलो असतो तर एक खिडकी होती. आता अख्खं घर आहे. आणि साफ होईपर्यंत या लोकांची राहायची सोय तुम्ही करायची."

सोय म्हणजे काकांची झोपायची खोली. काका-काकू बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आले. चिमणीचे रक्त तपासायला गेले. रिपोर्ट येईपर्यंत भाडेकरीण काकांना एक शब्द टाकून बोलली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागले. चिमणीला यातले काय कळणार? ती रांगत यायची आणि त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहायची. काका हात पुन्हा पुन्हा साबणाने धुवायचे आणि तरीही तिला उचलायला धजायचे नाहीत. आपण एका खिडकीपायी काय करून बसलो, या विचाराने त्यांना घास गिळवत नव्हता. कुठे तोंड लपवावे, तर घरात तशी जागाही उरली नव्हती.

रिपोर्ट चांगला आला. चिमणीला काही झाले नव्हते. काका मोरीत जाऊन, नळ सोडून रडले.

ते बाहेर आल्यावर भाडेकरीण म्हणाली, "काका, आता तुमचं रक्त तपासा. सगळी धूळ तुम्ही खाल्लीत."

त्यांच्या रक्तात मात्र शिसे निघाले. फार नाही, पण डॉक्टरांच्या भुवया वर जाण्याइतके.

"शिशाशी कुठे आला संबंध?" डॉक्टरांनी विचारले.

"खिडकीचा जुना रंग घासला," काका म्हणाले.

"घर भाड्याचं आहे?"

"हो. भाड्यानेच दिलेलं."

"म्हणजे तुम्ही भाडेकरू. मालकाला माहीत नव्हतं, रंगात शिसं आहे ते?"

काकांनी काकूंकडे पाहिले. काकूंनी छताकडे पाहिले.

"माहीत होतं," काका म्हणाले.

"घरात लहान मूल आहे?"

"आहे."

"आणि तरी गप्प बसला? कसला माणूस आहे हा! त्याला लाज वाटत नाही?"

"वाटते, डॉक्टर. आता फार वाटते."

"आता वाटून काय उपयोग! मला त्याचा नंबर द्या. मीच चांगलं सुनावतो त्याला."

काका खाली मान घालून म्हणाले, "नंबर कशाला? सुनावा. समोरच बसलाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. काकूंनी आपली खुर्ची पुढे ओढली आणि पदर सावरून बसल्या.

"सावकाश सुनावा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आम्हाला घाई नाही."