बसप्पाअण्णांचं रानातलं घर

भिंतीतून घरात शिरलेलं बसप्पाअण्णांना अजिबात खपत नसे.

आता भिंती नव्हत्याच, ही गोष्ट वेगळी! बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. वळसंगच्या वाटेवर अण्णांचं रान होतं आणि रानात नुसत्या दगडांच्या ओळी. हा सोपा, हे माजघर, हे सैपाकघर, ही कोपऱ्यातली खोली. सोलापुरात त्यांचं दुकान आणि मी त्यांचा शेजारी. पहिल्यांदा रान बघायला गेलो आणि सरळ ओळ ओलांडली.

"ओ गुर्जी! भित्तीतनं येताय व्हय? दार तिकडं हाय की!"

मी मुकाट वळसा घातला, चपला काढल्या. पाय भाजत होते. अण्णा म्हणाले, "बर्री, बर्री! या, सावलीला बसा." आणि मला भर उन्हात माजघरात बसवलं.

कचेरी म्हणे, गावठाणाबाहेर घराला परवानगी नाही. अण्णा म्हणत, "रान माजं, बायकू माजी. घर बी तितंच." कारण त्यांच्या बायकोची, गौराक्कांची, दृष्टी गेली होती. आमच्या गल्लीत सायकली आणि टांगे. त्या उंबरा ओलांडत नसत. रानात मात्र दगडांना पाय लावत एकट्या हिंडत, मोठ्यानं हसत. त्या हसण्यासाठी अण्णा कचेरीचे उंबरे झिजवत होते.

शेवटी साहेब पाहणीला आले. आले ते बुटासकट, सैपाकघराच्या भिंतीतून!

"सायेब, भित्त!" अण्णा गरजले.

आणि काय सांगू, साहेब दचकून मागं सरले, वळसा घालून दारातून आले, वर बूटही काढले! गेला बाजी मारून म्हातारा, मी मनात म्हटलं. सगळ्या खोल्या हिंडून साहेब म्हणाले, "शेतघर म्हणून देतो. पण एवढं मोठं नियमात बसत नाही. एक खोली कमी करा."

अण्णांनी क्षणभरही विचार केला नाही. कोपऱ्यातल्या खोलीचे दगड उचलले आणि बांधावर टाकले.

घर उभं राहिलं आणि वास्तुशांतीला सगळी गल्ली लोटली. हलगी वाजत होती, हुग्गीचा, गव्हाच्या खिरीचा वास सुटला होता. गौराक्का कुणाचाही हात न धरता सोप्यातून थेट चुलीपाशी गेल्या. बायकांनी तोंडात बोटं घातली. अण्णांची छाती तर अशी फुगली, की सदऱ्याची गुंडी तुटायची!

मग गौराक्का कोपऱ्याकडं वळल्या आणि त्यांचा हात भिंतीला लागला.

"अवो, हितं तुमची खोली हुती की! सगळा जलम दुकानात गेला, आता एक खोली माजी म्हनत हुता."

अण्णा म्हणाले, "मला कशाला गं खोली? तू हाक मारलीस, तर ऐकू याया नगं?"

आम्ही पत्रावळीवरून माना वर केल्या. अण्णा आमच्यावरच खेकसले, "बगताय काय? जेवा की!"