मैनेसाठी आठ घरं

गाय घ्यायला आलेल्या माणसाला ज्ञानोबाकाका पहिला प्रश्न विचारतात, "तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठतं?"

माणूस आलेला असतो दुधाची चौकशी करायला. तो गोंधळतो. "मीच उठतो," असं पटकन म्हणाला, तर काका त्याच्या बायकोच्या तोंडाकडे बघतात. बायको सोबत नसेल तर "तिला घेऊन या" म्हणून परत पाठवतात.

ज्ञानोबाकाका म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे काका. कंधार तालुक्यात राहतात. वय एकाहत्तर, हा आकडा मी आधार कार्डावरून देतोय. त्यांच्या हिशेबाने ते 'हरणीच्या दुसऱ्या वेताचे' आहेत, म्हणजे हरणी नावाची गाय दुसऱ्यांदा व्याली त्या साली जन्मलेले. घरातल्या सगळ्यांची वयं त्यांनी अशीच लावून ठेवली आहेत. माझी बायको सुमन गंगीच्या चौथ्या वेताची. लग्नाच्या बैठकीत त्यांनी मला हे सांगितलं, तेव्हा गंगी म्हणजे कुणी आत्या असावी असं समजून मी तिची तब्येत विचारली होती. काका म्हणाले, "गेली बिचारी. लई गुणाची व्हती."

साठ वर्षं त्यांनी लाल कंधारी जनावरं सांभाळली. पंचक्रोशीत कुणाची गाय अडली की हातातला घास ताटात ठेवून निघायचे. मुलाच्या, रमेशच्या, लग्नात ऐन हळदीच्या वेळी असाच निरोप आला. त्या लग्नाच्या अल्बममध्ये एकशे बारा फोटो आहेत. काका तीन फोटोंत दिसतात. दोनांत पाठमोरे, निघालेले. तिसऱ्यात नवा सदरा आहे आणि उजवी बाही खांद्यापर्यंत भिजलेली आहे. काकू पाहुण्यांना तो फोटो मुद्दाम दाखवतात, "ह्यो नवरदेवाचा बाप. बगा!"

"कालवड झाली व्हती," काका म्हणतात. त्यांच्या बाजूने खुलासा पूर्ण होतो.

ज्या घरी गाय दिली त्या घरच्या कर्त्याला ते व्याही म्हणतात. असे त्यांचे सत्तावन्न व्याही आहेत. गाय दिल्यावर महिन्याभरात तिला भेटायला जातात, सोबत पिशवीत सरकी पेंड असते. चहा विचारला तर "आधी तिला भेटतो" म्हणून सरळ गोठ्यात शिरतात.

गेल्या वर्षी त्यांचे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच धारा काढत बसलात तर पुढच्या वर्षी उठता येणार नाही. रमेशने नांदेडला ऑपरेशनची तारीख घेतली. काकांनी एकेक जनावर जागेला लावलं. शेवटी मैना राहिली. पहिलारू, म्हणजे पहिल्याच वेताची, सहाव्या महिन्याची गाभण.

"मैना उजवल्याबिगर म्या हालत न्हाई," लेकीच्या लग्नाचं बोलावं तसं काकांनी सांगून टाकलं.

रमेशचा मला फोन आला. "दाजी, तुमचं ऐकतात ते. तारखेच्या आत उरका."

ते माझं ऐकत नाहीत. मोजणी खात्यात माझी सव्वीस वर्षं गेली म्हणून त्यांना माझा उपयोग होतो, इतकंच. दर रविवारी मी नांदेडहून मोटारसायकल घेऊन जायचो आणि आम्ही मैनेसाठी घरं बघायचो. गोठ्यापासून पाण्यापर्यंतची पावलं मोजणं हे माझं काम.

पहिल्या घरी एकशे चाळीस पावलं भरली. काका उंबऱ्यावरूनच परतले. दुसऱ्या घरी गोठ्याचं तोंड पश्चिमेला होतं. काका भर दुपारी दोन तास त्यात बसून राहिले, घामेघूम बाहेर आले आणि घरमालकाला म्हणाले, "तुमी बसा आता." तो बसला नाही. एका ठिकाणी सगळं जमलं होतं, पण दारात कुत्रं हातभर साखळीला बांधलेलं. "कुत्र्याला एवढी, तर गाईला केवढी आसंल?" एका शिकलेल्या तरुणाने मैनेला दोनदा 'युनिट' म्हटलं. काकांनी मला कोपराने ढोसलं, "चला जावईबापू. हेला जनावर न्हाई, इंजन पायजे."

सहाव्या घरी शेजारीण कुंपणावरून आमचं बोलणं ऐकत होती. पाणी कुठलं, सासू कशी, घरात माणसं किती. तिला राहवलं नाही. तिने काकांना विचारलं, "मुलगी केवढी हाय वो तुमची?"

"सहा दाती," काका म्हणाले. "सातवा महिना चालू हाय. त्याच्यापायीच घाई करून राहिलो."

बाई आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

तारखेला अकरा दिवस उरले होते, तेव्हा आम्ही मुदखेडजवळच्या एका गावात आठवं घर बघितलं. गोठा पूर्वेला, पाणी नऊ पावलांवर. काकांनी हौदातलंच ओंजळभर पिऊन पाहिलं. मग नेहमीचा प्रश्न.

"सून उठती आधी," सासू म्हणाली.

काका सुनेकडे वळले. "मंग तुला चा कोण करून देतं, माय?"

सून काही बोलायच्या आत सासू कडाडली, "कोण म्हंजी? म्याच देते! तिची धार व्हईस्तोवर माझा चा व्हतो. वर साखर कमी म्हणून भांडती ही."

"कमीच टाकतात," सून म्हणाली.

काका हसले. आठ घरांत पहिल्यांदा. "जमली सोयरीक," म्हणाले.

परतताना काकांचे गुडघे धरले म्हणून आम्ही रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली थांबलो. मी म्हणालो, "काका, चहाचं आज पहिल्यांदा विचारलंत."

काकांनी पाय लांब केले. म्हणाले, "आमच्या पोरीचं, शोभीचं घर बघाया म्या गेलोच न्हाई. त्या दिशी गाय अडली व्हती. तुमच्या सासऱ्याला धाडलं. त्यो चा पिऊन आला, म्हणला, घर लई झ्याक. इहीर गावाभाईर हाय, हे कुणी इचारलंच न्हाई. पोरीनं डोक्यावर पाणी वाहिलं." त्यांनी गुडघा चोळला. "बैलाच्या खांद्याला घट्टा पडला तर मला बांधावरून दिसतो, जावईबापू. पोरगी दर पोळ्याला येऊन जायची. येणी घालाया आईच्या पुढ्यात बसली तवा कुठं तिच्या मानंवरचा घट्टा दिसला. बारा वर्षं झाली व्हती तवर."

मी मोटारसायकल चालू केली.

मैना निघाली त्या दिवशी शोभा अहमदपूरहून आली होती. तिने मैनेला कुंकू लावलं, काकूंनी भाकरी चारली. काका टेम्पोत मागे, मैनेशेजारी जाऊन बसले. रमेश म्हणाला, "बाबा, पुढं या, शीट रिकामी हाय." ते ऐकलं नाही असं त्यांनी दाखवलं. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला.

मी शोभाला विचारलं, तू खरंच बारा वर्षं पाणी वाहिलंस का. मला आकडा नक्की असलेला बरा वाटतो.

"चार, दाजी," ती म्हणाली. "पाचव्या वर्षी दारात नळ आला. दहादा सांगून झालं त्यांना. त्यांना पटतच न्हाई."

मग डोळे पुसून हसली. "अजून बी माझ्या घरी आले की चपला काढायच्या आधी नळ सोडून बघतात. पाणी आलं की मगच इचारतात, कशी हायस म्हणून."