ओसरीवरचे सिग्नल हवालदार

आमच्या शेजारच्या कापगतेकाकांच्या ओसरीवर दोन माणसांना एका वेळी बोलायला बंदी आहे. आमच्या एकोडी गावात चार माणसं जमली की पाच आवाज निघतात. पण या ओसरीवर कोणी दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घातलं, की काकांचा उजवा हात वर जातो. "एका नेटवर एकच आवाज! दुसरा स्टेशन, रुको!" गावातल्या पोरांना नेट म्हणजे मोबाइलचं वाटतं. काकांचं नेट वेगळं. फौजेत एकमेकांशी जोडलेले सगळे वायरलेस सेट मिळून एक नेट होतं, आणि त्यावर दोघं एकदम बोलले तर कोणाचंच काही कळत नाही.

काका सिग्नलमध्ये हवालदार होते. पाठीवर सेट घेऊन बर्फात चढायचे. थंडीनं बॅटरी मरू नये म्हणून ती कोटाच्या आत पोटाशी धरून झोपायचे. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली. मी इथल्या शाळेत मास्तर म्हणून बदलून आलो त्याला दीड वर्ष. खोली भाड्यानं घेतली, सामान उतरवलं आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या ओसरीवर चढत म्हणालो, "काकू, जरा पाणी देता का?"

यमुनाकाकू खाली मान घालून तांदूळ निवडत होत्या. काकांनी मला मध्येच अडवलं.

"असं नाही, सर. पहिले समोर जाचं. मंग ज्याले बोलवाचं त्याचं नाव, मंग आपलं नाव. मंग थांबाचं. तिकडून 'बोला' आलं, का मंग मॅसेज."

मी निमूटपणे समोर गेलो. "काकू, मी मास्तर."

काकूंनी वर पाहिलं. "बोला."

"पाणी."

"पाणी. एक गिलास. बरोबर?"

"बरोबर."

तेव्हा कुठे मला पाणी मिळालं. मागून काका समाधानानं म्हणाले, "कम बोलो, साफ बोलो, पक्का करो." हे त्यांचं ब्रीद. चहात साखर किती, भाजीत मीठ किती, सगळं असंच पक्कं होतं.

सिनेमातल्या सैनिकांवर त्यांचा भारी राग. एकदा टीव्हीवर एका हिरोनं वायरलेसवर "ओव्हर अँड आउट" म्हटलं आणि काका खुर्चीतून उठले. "अबे, ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल. आउट म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही संगच कसे म्हणतेस? पाहुण्याले 'या, बसा' म्हणाचं अन् दार लावून घ्याचं का?" त्या हिरोचा पुढचा पराक्रम त्यांनी पाहिला नाही. टीव्हीकडे पाठ करून बसले.

'रिपीट' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही. मला हे माहीत नव्हतं. काहीतरी नीट ऐकू आलं नाही म्हणून मी सहज म्हणालो, "काका, रिपीट करा." काकांनी कपाळाला हात लावला. "सर, रिपीट हा तोफवाल्यायचा शब्द आहे. म्हणजे तेच टार्गेट, तेवढेच गोळे, पुन्हा. तुमी आता माह्या ओसरीवर गोळे पाडले. 'से अगेन' म्हणाचं." त्या दिवसापासून मी वर्गातसुद्धा 'से अगेन' म्हणतो.

साकोलीच्या एका दुकानात धानाच्या बियाण्यासाठी नाव नोंदवायला आम्ही दोघं गेलो होतो. नोंद करणाऱ्या मुलाला काकांचं आडनाव नीट ऐकू येईना. काका सरळ उभे राहिले आणि फौजी पद्धतीनं एकेका इंग्रजी अक्षराचा ठरलेला शब्द सांगू लागले, "किलो, अल्फा, पापा..."

"किती किलो?" मुलानं विचारलं.

"किती नाही. किलो!"

"हो जी, पण किती?"

मागे रांग वाढली. पापा कोण, ते का आले नाहीत, याचीही चौकशी झाली. शेवटी मी पुढे होऊन वहीत 'कापगते' लिहून दिलं. काका बाहेर येऊन म्हणाले, "पोरगा चांगला आहे. ट्रेनिंग कमी आहे."

गाव हसायचं. मीही हसायचो. तळ्याच्या पाळीवरच्या त्या दिवसापर्यंत.

भर श्रावण होता. दोन दिवस पाऊस उघडला नव्हता आणि गावचं तळं काठोकाठ भरलं होतं. सकाळी कोणीतरी सांगत धावत आलं, की पाळीच्या, म्हणजे तळ्याच्या बांधाच्या, उगवतीच्या टोकाला पाणी झिरपून राहिलं. पाणी सोडायचं दार होतं मावळतीच्या टोकाला. दार कमी उघडलं तर पाळ फुटणार. जास्त उघडलं तर खालच्या बांध्यांमधली, म्हणजे धानाच्या खाचरांमधली, नुकती झालेली रोवणी वाहून जाणार. म्हणजे इकडे झिरपा पाहायचा आणि तिकडे दाराचं चाक फिरवायचं. मधली पाळ लांबच लांब, चिखलानं निसरडी, आणि वीज गेल्यामुळे मोबाइल मुके.

काका छत्री न घेता आले. एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि हाक पोचेल इतक्या अंतरावर पाळीवर सहा माणसं उभी केली. मी तिसरा. चाकावर गुलाब, या तळ्यात मासे धरणारा, तळं तळहातासारखं ओळखणारा माणूस. बाकीचे रेतीची पोती भरायला लागले.

झिरप्यापाशी थांबून काकांनी पहिला निरोप सोडला. "दोन फेरे उघड!" मी तो मोठ्यानं पुढे दिला. पावसाच्या आवाजात तो पुढे सरकत गेला. आम्ही पाहतो तर गुलाब चाक सोडून दाराभोवती पळतोय. त्याच्यापर्यंत पोचलं होतं, 'दोन फेऱ्या मार.' बिचाऱ्यानं मारल्या.

कोणी हसलं नाही. काकाही रागावले नाहीत, त्यांनी गुलाबसकट सगळ्यांना जवळ बोलावलं. त्यांचा आवाज उलट खाली आला, शांत झाला. "ऐका. आकडा बोटानं बी दाखवाचा. मॅसेज पोचला का तोच मांगं परत आला पाहिजे. मी 'बरोबर' म्हणल्याशिवाय गुलाब चाकाले हात लावणार नाही. मधात कोणी आपली अक्कल घालाची नाही."

"उघड. दोन." निरोप गेला. "उघड. दोन." परत आला. "बरोबर." गेला. चाक फिरलं.

दुपारभर हेच चाललं. उघड, एक. थांब. बंद, अर्धा. बायाबापड्या रोवणी वाचते की जाते ते पाहत खाली उभ्या होत्या. सहा माणसं एका माणसासारखी बोलत होती आणि काका झिरप्यापाशी वाकून पाणी गढूळ येतंय की स्वच्छ ते पाहत होते. चार वाजता पोती बसली, झिरपा थांबला. पाळ टिकली, रोवणीही टिकली. काकांचा घसा पार बसला होता. गुलाब पलीकडून चालत आला आणि त्यानं त्यांना कडक सलाम ठोकला. काकांनी तो तितक्याच कडकपणे घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. काका पाळ पाहायला गेले होते. काकू पाठमोऱ्या बसून भांडी घासत होत्या. मी अजून कालच्याच भरात होतो. नियम विसरून मागूनच बोलत सुटलो. काका काल कसे उभे होते, सगळं गाव कसं त्यांचं नाव घेतंय, आम्ही उगाच त्यांना हसायचो. बराच वेळ बोललो. काकू भांडी घासत राहिल्या. मान हलली नाही, हात थांबला नाही.

मग ताट ठेवायला वळल्या आणि मला पाहून दचकल्या. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं समजलं असावं.

"मांगून बोलले का जी?"

मी होकारार्थी मान हलवली.

"दोन वर्सं झाले, कमी झालं ऐकू येणं," त्या हात पुसत म्हणाल्या. "लग्नात कोणी एक विचारे, मी दुसरंच सांगो. बाया तोंडाले पदर लावून हासत. मी कोणाले सांगितलं नाही. तुमच्या काकायलेही नाही. अन् एक दिवस यायनं एकदम फौज सुरू केली घरात. एक एक जण बोला, समोर येऊन बोला, पक्का करा. रिटायर होऊन धा वर्सं कधी वायरलेसचं नाव काढलं नोहतं, सर. आता लोकं यायले हासतेत. मले कोणी हासत नाही."

"म्हणजे काकांना माहीत आहे?"

"हो. पण मले हे सोंग समजलं, ते त्यायले ठाऊक नाही. तुमी सांगू नका."

मी समोर जाऊन, सावकाश म्हणालो, "काकू, भंडाऱ्याला कानाचे डॉक्टर आहेत. मशीन मिळते."

"घेईन जी. धान निघू द्या." मग त्या जराशा लाजल्या. "फौजेत असतानी सालातून एक महिना घरी येत. तवा बी दोस्तायमंदीच. सारी नोकरी फौजेशी बोलण्यात गेली त्यायची. माह्याशी आता बोलून राहिले."