सख्खा शब्द, चुलत शब्द

इंगवले सरांना वाढदिवसाच्या शुभेच्छा इंग्रजीत द्यायची सोय नाही. 'हॅपी बर्थडे' म्हटलं की धरलेला हात सोडत नाहीत.

"हॅपी म्हंजे काय?"

"आनंदी, सर."

"आणि ग्लॅड?"

"तेच."

"मग ग्लॅड बर्थडे म्हण की! का? जीभ अडली व्हय?"

केक तसाच राहतो. मेणबत्ती विझून जाते.

सर शिवाजी पेठेतले. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचे, मलाही शिकवलं. गेल्या दिवाळीत त्यांनी क्लास अचानक सोडला. भिंतीवर समानार्थी शब्दांचा तक्ता लावला म्हणून, असं तेच सांगतात. आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं, कारण सरांच्या मते समानार्थी शब्द ही शुद्ध थाप आहे. शब्दांना भावकी असते. एक सख्खा, बाकी चुलत. "तांबडा बी रस्सा, पांढरा बी रस्सा. तांबडा मागितल्यावर पांढरा वाढला तर गप खाशील?"

मी कामगार बायकांच्या संघटनेची पत्रकं लिहिते. तीन उद्गारचिन्हांशिवाय माझं वाक्य संपत नाही. त्याची लाज वाटत नाही, कारण गप्प बसायचे दिवसच नाहीत. आता हेच बघा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं दुसऱ्या पाळीच्या बायकांची बस सोमवारपासून बंद करायचं ठरवलं. पाळी सुटते रात्री. या बायकांनी कोल्हापूरला यायचं कसं? हायवेवर ट्रकला हात करून? नवीन मोठे साहेब मराठी वाचत नाहीत, म्हणून निवेदन इंग्रजीत हवं होतं. साहेबांची भेट चारची. दुपारी जेवण टाकून मी सरांच्या घरी पहिल्यांदाच गेले.

"या, क्रांती आली!" सर म्हणाले. कागद घेतला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. "वी आर अँग्री. कोण अँग्री?"

"आम्ही सगळ्या!"

"तू अँग्री. तू दूधवाल्यावर बी अँग्री असतीस. त्या बायकांचं काय?"

"भीती वाटते त्यांना."

"मग अफ्रेड? अफ्रेड म्हंजे कुत्रं म्होरं उभं हाय. अलार्म्ड म्हंजे आत्ताच भुंकलं. वरीड म्हंजे..."

घड्याळ पळत होतं. रिक्षा मिळणार कधी, कागलला पोचणार कधी? "सर, कुठलाही घाला! सगळे एकच!"

सरांनी कागद खाली ठेवला. "एकच? वाटणीच्या कागदावर सख्ख्याच्या जागी चुलत्याची सही चालती व्हय?"

इतक्यात आतल्या खोलीतून बाईचा आवाज आला. "भाकरी!"

"ओ!" म्हणून सर आत गेले. रिकाम्या हातानं. परत येऊन वाक्य घेऊन बसले. थोड्या वेळानं पुन्हा, "भाकरी! भाकरी!" सर पुन्हा गेले, पुन्हा रिकाम्या हातानं परत आले.

माझं डोकं फिरलं. घरातली बाई भाकरी मागतेय आणि हा गृहस्थ तिला 'ओ' देऊन इंग्रजी चिवडतोय! यावर वेगळं पत्रक निघालं पाहिजे. मी तडक स्वयंपाकघरात गेले, टोपलीतली भाकरी ताटलीत घेतली, शेजारी दही वाढलं आणि आत नेलं.

काकी, म्हणजे सरांच्या पत्नी, खाटेवर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवल्यासारखाच. ताटलीकडे त्यांनी बघितलंही नाही. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघून म्हणाल्या, "भाकरी."

"ओ," मागून सर म्हणाले. मग मला, "मला म्हणतीय ती. दिवाळीत लकव्याचा झटका आला. तवापासनं शब्द हिकडचं तिकडं झाल्यात. पाण्याला छत्री म्हणती. मला हे."

काकींनी डाव्या हातानं त्यांची बाही पकडली. तेवढंच हवं होतं.

"तुम्ही... दुरुस्त करत नाही?" मी विचारलं.

"काय दुरुस्त करायचं? हाक पोचती की."

ताटली माझ्या हातात तशीच. सर खाटेच्या कडेला टेकले. बाही सोडवून घेतली नाही, दुसऱ्या हातानं कागद गुडघ्यावर सरळ केला. "अँक्शस लिही. कुत्रं दिसत न्हाय, भुंकत बी न्हाय. पण माणूस जेवताना बी कान दाराकडं ठेवतो."

मी लिहिलं. उद्गारचिन्ह दिलं नाही.

साहेब त्याच ओळीवर थांबले. अँक्शस कशाबद्दल, म्हणून त्यांनी समोरच्या बायकांना विचारलं. एकीनं सांगितलं, बस येईपर्यंत तिची आई रोज गल्लीच्या तोंडाला उभी असते. बस चालू राहील, असं लेखी मिळालं. आम्ही बाहेर येऊन इतक्या ओरडलो की वॉचमन धावत आला.

तिथूनच सरांना फोन लावला. बस चालू राहणार, असं मी सांगितलं. त्यांनी अभिनंदन केलं नाही. "साहेब थांबला कुठल्या शब्दावर?" एवढंच अधीरपणे विचारलं.

मी सांगणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "भाकरी!"

"ओ! आलो, आलो."

फोन चालूच राहिला. चपलांचा आवाज लांब गेला. मग काकींचा आवाज, "छत्री."

"व्हय, घे."

आणि पलीकडे तांब्यातून पेल्यात पाणी पडलं.