कारणासकट डबा

आप्पा रोज तीन कप्प्यांचा डबा आणायचे आणि त्यात बऱ्याचदा फक्त एक चिठ्ठी असायची. "भाजी न्हाय. कारण: तेल संपलं." ती ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि कँटीनमधून दोन केळी आणायचे, हे त्यांचं जेवण.

सीमाभागातल्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत आमचं छोटं ऑफिस आहे; तिथं आम्ही फाउंड्र्यांसाठी, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांसाठी, प्रोग्रॅम लिहितो. आप्पा निपाणीकडचे, आमच्यात वयानं सगळ्यात मोठे. या डब्याचं मूळ त्यांच्या कोडमध्ये आहे. त्यांच्या मते प्रोग्रॅमनं प्रत्येक उत्तर डब्यात घालूनच द्यावं: आत एकतर हवी ती गोष्ट, नाहीतर ती का नाही याचं कारण. मला म्हणायचे, "नुसता रिकामा डबा द्यायचा न्हाय गं. मानसाचा इस्वास उडतोय."

दुसरा हट्ट असा, की मागितल्याशिवाय काम करायचं नाही. ओतलेल्या कास्टिंगची हजारो वजनं असली तरी त्यांचा प्रोग्रॅम एकेक उचलणार, तेही कुणी 'पुढचं' म्हटलं तरच. पहिल्यांदा चालवला तेव्हा तो डोळ्याचं पातं लवायच्या आत संपला. साहेबांनी खूश होऊन आप्पांच्या पाठीवर थाप मारली.

"सायेब, अजून कायबी झालं न्हाय," आप्पा शांतपणे म्हणाले. "कुणी मागितलंय कुठं?"

मग मी 'पुढचं, पुढचं' म्हणत एकेक मागत बसले. वजन, वजन, वजन, आणि मध्येच: "वजन न्हाय. कारण: आकडे कन्नडात हाईत." आप्पांच्या आधीचा जुना प्रोग्रॅम अशा ठिकाणी सरळ आडवा व्हायचा, बंदच पडायचा. आप्पांनी तेवढं बाजूला काढलं आणि म्हणाले, "पुढचं माग."

चहाचंही तेच. किटली त्यांच्याच टेबलावर असायची, पण तोंडानं मागितल्याशिवाय कुणाच्या कपात थेंब पडायचा नाही.

एकदा एकाच महिन्यात चिठ्ठीवर तिसऱ्यांदा गॅस संपला. आम्ही पोट धरधरून हसलो. त्याच संध्याकाळी आप्पा लॅपटॉप विसरून गेले, म्हणून तो द्यायला मी वडगावात त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा ठेवला. गॅस भक्कन पेटला. पिठाचा डबा काठोकाठ भरलेला, टोपलीत ताजी वांगी. मी काय बघतेय ते त्यांच्या लक्षात आलं.

"माझी बायको, सुमन, तिला जाऊन दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "घरात सैपाक मीच करायचो. ती नुसती मागायची. आज झुणका करा, उद्या वांगी करा. आता एकट्यासाठी हातच चालंना झालाय."

"मग त्या चिठ्ठ्या?"

"रिकामा डबा कसा आणू? आनि खरं कारण चिठ्ठीवर लिवू कसं?"

आपण इतके दिवस हसत होतो याची लाज वाटली. चपला घालता घालता म्हटलं, "आप्पा, उद्या मला भरली वांगी पायजेत. आणि भाकरी."

त्यांनी चहाचे रिकामे कप उचलले.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत डबा माझ्या टेबलावर होता. पहिल्या कप्प्यात वांगी. दुसऱ्यात भाकऱ्या, दोघांना पुरून उरतील एवढ्या. तिसरा उघडला तर चिठ्ठी! आप्पा आपल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते.

चिठ्ठीवर कारण नव्हतं. लिहिलं होतं, "पुढचं माग."