मान बघणारे शेळके सर

माणूस भेटला की शेळके सर आधी त्याची मान बघतात. पहिल्यांदा आमच्या दारात आले तेव्हा त्यांची नजर माझ्या गळ्याशी अशी खिळली की मी ओढणी सावरली. मनात म्हटलं, हा माणूस एक तर सोनार आहे, नाही तर चोर. ते म्हणाले, "ताई, दार उघडायच्या आधी तुम्ही मागे वळून गॅसकडे बघितलंत ना? जाळीतून दिसलं मला. फार छान. पोरगी तुमच्यावर गेलीय." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण या घरात माझी अशी तारीफ कुणी केली नव्हती. मी त्यांना आत घेतलं आणि पोहे टाकले.

शेळके सर इंदूरला आमच्या कॉलनीमागच्या मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवतात. शाळेतली पीटीची नोकरी संपली, बायको गेली, बहीण देवासला असते, ती राखीला येते. बाकी वेळ मैदान. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते म्हणे. त्या फौजेतून यांच्या वाट्याला फक्त मिशा आल्या. आवाज इतका मऊ की शिट्टी वाजवली तरी माफी मागितल्यासारखी वाटते.

त्यांचं म्हणणं साधं आहे. "पाय काय, पाय सगळ्यांनाच असतात भिया. बॉल आल्यावर तर गायसुद्धा बघते. बॉल यायच्या आधी पोरगं मान वळवून मागे बघतं का, ते बघा." मागे कोण उभा आहे, जागा कुठे रिकामी आहे, हे ज्याला आधीच ठाऊक, तो खेळाडू. ज्याला बॉल मिळाल्यावर विचार सुचतो, त्यानं, सर म्हणतात, बँकेची परीक्षा द्यावी. मी बँकेत आहे.

शिकवायची तऱ्हाही तीच. रांगेत उभं करून बॉल मारायला लावणं त्यांना आवडत नाही. "रांग राशनच्या दुकानात लावा." छोट्या चौकोनात तीन-तीन पोरं सोडतात आणि मध्येच विचारतात, "मागे कोण?" पोरानं न वळता सांगायचं. रस्त्यात स्कूटरवरून जातानाही कुणी पोरगं दिसलं की विचारतात. माझी सई आता जेवतानासुद्धा सांगते, "मागे आजी आहे, हातात लोणच्याची बरणी." सासूबाई आधी दचकायच्या, आता बरणी पदराखाली घेऊन येतात.

या 'मान'नं एकदा मोठा घोळ केला होता. सर मैदानाबाहेरून ओरडतात, म्हणजे त्यांच्या मानानं ओरडतात, "मान! मान!" मराठी पोरं लगेच मागे बघतात. पण अर्ध्याहून जास्त पोरं हिंदी बोलणारी. सांवेरच्या टीमशी मॅच होती. थ्रो कुणाचा यावरून आपला एक बेटमाचा मुलगा सांवेरच्या पोराशी हुज्जत घालत होता. तेवढ्यात सरांना दिसलं की याच्या मागे माणूस मोकळा आहे. ते ओरडले, "मान!" मुलगा बिचारा गुणी. सर म्हणतायत मान, तर मानलं. त्यानं बॉल सांवेरच्या पोराच्या हातात दिला, वर सॉरी म्हणाला, आणि तिथूनच आपल्यावर गोल बसला. सरांनी मग काही दिवस "गर्दन" म्हणून बघितलं. पण "गर्दन म्हटलं की कापायचीच आठवते हो," म्हणून सोडून दिलं. आता नवीन पोर आलं की बॉलच्या आधी त्याला तो एक मराठी शब्द शिकवतात. इंदूरमध्ये अशी कितीतरी पोरं आहेत ज्यांना मराठीत तेवढंच येतं.

मैदान सोडून सर जिथे जातात तिथेही त्यांची मॅच चालूच असते. एकदा राजवाड्याला मी ब्लाउजपीस घ्यायला गेले, तर सर बाजाराच्या मधोमध पिशवी धरून उभे. सगळ्यांचे धक्के खातायत आणि चेहऱ्यावर असं सुख की वाटावं आरती चालली आहे. मला म्हणाले, "ती हिरव्या साडीतली बाई बघा. भाव करतेय, पण मागून आलेली अॅक्टिवा न बघता चुकवली. मिडफिल्डर आहे." मी म्हटलं, "सर, तुम्ही कशाला आला होता?" पिशवीत बघून म्हणाले, "आठवेल."

थंडीत पहाटे मैदानावर धुकं उतरतं. मी सईला सोडायला जाते, कुरकुरत, कारण सुबे-सुबे उठणं माझ्या रक्तात नाही. पोरं यायच्या आधी सर एकटेच त्या पांढऱ्यात उभे असतात. मधेच दोन पावलं बाजूला होतात, कुणाला तरी वाट देतात. मान वळवतात, हात दाखवतात. तिथे कुणीच नसतं. मग धुक्यातून एक पोर येतं, दुसरं येतं, पाय दिसायच्या आधी नुसता बॉल टप्पे खाताना ऐकू येतो. मला स्वप्नात उभं असल्यासारखं वाटतं. किती वेळा ठरवते की सोडून लगेच घरी जायचं, आणि तासभर तिथेच राहते.

दर हिवाळ्यात दूरच्या एका शहरातली निवासी अकादमी आमच्या भागातली पोरं निवडते. शाळा, खेळ, जेवण सगळं तिकडेच. निवडणाऱ्यांत दोन साहेब तिकडचे आणि तिसरे शेळके सर. साहेब प्लॅस्टिकचे कोन मांडतात, धावण्याचा वेळ घेतात, उंची मोजतात, लॅपटॉपवर आकडे टाकतात. सर बाजूला उभे राहून जन्ममहिना विचारतात. "एकाच वयाच्या गटात जानेवारीचं पोर आणि डिसेंबरचं पोर. मधे वर्षभराची भाकरी आहे की नाही? जानेवारीचं मोठं दिसतं, म्हणून ते चांगलं दिसतं." हा नाद इतका की एका लग्नात स्टेजवर आहेर देताना त्यांनी नवऱ्या मुलीचा महिना विचारला. डिसेंबर ऐकून नवऱ्या मुलाला म्हणाले, "थोडा धीर धरा, फार पुढे जाईल."

माझी सई डिसेंबरची, आणि चणीनं लहान.

निवड झाली की सरांचा एक रिवाज आहे. ज्यांची झाली त्यांना फोन. ज्यांची नाही त्यांच्या घरी ते स्वतः जातात. "नाही हे फोनवर सांगायचं नसतं." जातात, बसतात, दिलेलं खातात आणि म्हणतात, "यावेळी नाही. उद्या सकाळी ये." आणि पोरं जातात. नाकारलेली काही पोरं आता मिशाळ झालीत, दुकानांवर बसतात, तरी सकाळी येतात. पण निकालाच्या दिवशी सरांची स्कूटर गल्लीत शिरली की बायका देवाला हात जोडतात, पुढच्या घरी जाऊ दे म्हणून. गेल्या वर्षी ती आमच्या दारात थांबली होती. सई तेव्हा "हो सर" म्हणाली, आणि मग रात्री जेवली नाही.

यंदा तिच्या वयाची शेवटची संधी होती. इथे राहिली की पुढे मुलींसाठी काही नाही, हे तिलाही माहीत होतं. वर्षभर ती पोर उठली, पळाली, पडली, एकदाही कंटाळा आला म्हणाली नाही. तिची निवड व्हावी म्हणून मी नवस बोलले होते. हे तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी तिचे बाबा सकाळपासून फोन हातात घेऊन बसले. दहाच्या सुमारास तो एकदा वाजला आणि उचलायच्या आत बंद झाला. नंबर बघायला चष्मा शोधेपर्यंत बाहेर स्कूटरचा आवाज आला. सई उठली, आत गेली, दार लावून घेतलं.

मग आम्ही जे केलं ते आठवलं की आता हसू येतं. सासूबाईंनी पोहे भिजवले. हे दारातच म्हणाले, "आइए सर. चलता है. आठवीच तर आहे, अभ्यास होईल." सर म्हणाले, "नाही, म्हणजे मी..." मी म्हटलं, "सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा काय दोष. त्या लॅपटॉपवाल्यांना काय कळतंय?" सासूबाईंनी त्यांच्यापुढे बशी ठेवली, वर मूठभर शेव घातली आणि म्हणाल्या, "खा आधी. तुम्हाला तरी किती घरं फिरायची आहेत." सर घास घेत राहिले. आमच्या तिघांच्या सांत्वनात त्यांना वाट मिळेना. शेवटी म्हणाले, "सईला बोलवा."

ती आली. डोळे लाल, पण मान ताठ. सरांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "उद्या सकाळी येते सर."

"उद्या ये. परवा पण ये," सर म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून नको. तिकडे जायचंय तुला. झाली निवड."

मग हे म्हणाले, "अहो सर, मग फोन करायचा ना. इथे जीव गेला आमचा."

"लावला होता. एक रिंग झाली आणि मी कट केला." सर बशीतली शेव एका बाजूला सारत होते. "रागावू नका. काय झालं, इतकी वर्षं 'नाही' सांगायला मी घरी जातो आणि 'हो' सांगायला फोन करतो. म्हणजे मी बघितली ती सगळी रडणारी पोरं. खूश झालेलं पोर कसं दिसतं ते मी एकदाही बघितलं नाही हो. ती फोनच्या पलीकडे असतात. पेढे वाटतात, बॅग भरतात, जातात. परत माझ्या मैदानावर येत नाहीत, आणि येऊही नये, तिकडे चांगलं मैदान आहे. पण आज फोन लावला आणि वाटलं, घरी कोण वाट बघतंय आपली? जाऊ, एकदा बघून येऊ."

नवस पावला होता, आणि पुढच्या महिन्यापासून माझंही घर सरांच्या घरासारखंच रिकामं होणार होतं, हे त्याच क्षणी कळलं.

सई सरांकडे बघत होती. आणि मग ती रडायला लागली. साधं नाही, अगदी हमसून. तिच्यामागे सासूबाई. त्यांच्यामागे मी.

सर घाबरले. बशी खाली ठेवून म्हणाले, "अगं, हो म्हटलंय मी. सई, हो म्हटलंय."

"कळलं सर," ती हुंदके देत म्हणाली. नाक पुसलं, परत रडली. हे आतून पाणी घेऊन आले. बराच वेळ गेला. मग हळूहळू तिच्या गालावर हसू आलं, आधी थोडंसं, मग तिला आवरेचना, ओल्या तोंडानं ती नुसती हसत सुटली.

शेळके सर बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "ताई, एक कप चहा मिळेल? मी थोडा वेळ बसतो."