एकवीस घरांचा चौकडा

नानाजी बोंदरे पोळी मोजून खात. किती खाल्ल्या ते नव्हे. केवढी आहे ते. आमच्याकडे जेवायला आले की खिशातली सहा इंची लाकडी पट्टी आधी पोळीवर ठेवीत आणि माझ्या बायकोला म्हणत, "सूनबाई, गोल आहे, पण केंद्र जरासं सरकलं." पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढलेला माणूस. त्यांनी आखलेल्या कालव्यातून पाणीसुद्धा रांगेत जाई. मी स्वतः पाहिलंय.

"इंच चुकला, इमान चुकलं," हे त्यांचं ब्रीद.

आमच्या गल्लीच्या गणपतीचं पन्नासावं वर्ष आलं. विसर्जनाला घरटी एक दुपट्टा खांद्यावर हवा, असं ठरलं. अध्यक्ष रहांगडाले म्हणाले, "बाजारातून भगवे आणून टाकू."

नानाजी ताडकन उठले. "पचास साल का देव, अन् बाजारचं कापड? आपला स्वतःचा चौकडा पायजे, उभ्या-आडव्या पट्ट्यांचा. मी आखतो!"

मग दोन महिने ते रोज संध्याकाळी एकेका घरी चहा पीत होते. केबल आल्यापासून ओट्यावर कोणी बसेनासं झालं होतं. नानाजी टीव्ही आणि माणूस यांच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकत आणि विचारत, "तुमच्या घराचा रंग कोणता?" आमच्याकडे बायको हिरवा म्हणाली, मी लाल. नानाजी म्हणाले, "भांडू नका, जांभळा घ्या." एकवीस घरं, एकवीस रंग. नकाशा इतका लांबला की त्याच्या गुंडाळीत मांजर व्याली. पिल्लांनी डोळे उघडेपर्यंत काम बंद होतं.

विसर्जनाच्या चार दिवस आधी वारासिवनीचा कोष्टी बसनं विणलेल्या दुपट्ट्यांचा गठ्ठा घेऊन आला. मांडवात गठ्ठा उघडला. प्रत्येक दुपट्ट्यावर लांबीनं दोन पांढरे पट्टे, टोकांना अर्धवट पांढरी रेघ, बाकी सगळा त्या त्या घराचा एकच रंग. चौकडा कुठेच नाही.

"चौकडा कुठी गेला जी?" रहांगडाले राखाडी दुपट्टा झटकत ओरडले. "मले त भस्म फासल्यासारखं दिसून राह्यलं!"

कोष्ट्यानं नकाशा पुढे केला. "जेवढा काढला तेवढाच विणला. एका घराले एक दुपट्टा."

"म्हातारा मापात चुकला," मागून कोणीतरी म्हणालं. रहांगडाल्यांनी भगवे आणायला माणूससुद्धा निवडला.

नानाजींचा चेहरा कोऱ्या कापडासारखा ताठ झाला. "आधी खळ त धुवा. अन् वाळवाले एकाच दोरीवर टाका. आडवे, टोकाले टोक लावून. कोपऱ्यात नंबर आहे."

मांडवापासून नानाजींच्या दारापर्यंत दोरी बांधली. एक, दोन, तीन करत एकविसावा लागला आणि गल्लीचं तोंड उघडंच राहिलं. पांढरे पट्टे या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग धावत होते, अर्धवट रेघा एकमेकींना भेटल्या होत्या. एकवीस घरांचा मिळून एकच चौकडा, गल्लीएवढा!

"अरे बाप," रहांगडाले म्हणाले, आणि आपला राखाडी पाहायला तिथेच ओट्यावर बसले. मग सगळेच बसले. त्या दिवशी टीव्ही कोणी लावला नाही.

मी नानाजींच्या शेजारी सरकलो. "खरं सांगा, चौकडा एवढा मोठा चुकून झाला का?"

"चूक काहून होईल? लहान आखला असता त घेऊन सारे आपापल्या घरी गेले असते." मग दोरीच्या त्यांच्या दाराकडच्या टोकाकडे पाहत म्हणाले, "तुह्या काकू गेल्यापासून इथं माह्यं एकच बनियान वाळते, बाबू."

दिवेलागणीला लोक आपापला दुपट्टा काढून नेऊ लागले. शेवटी दोनच उरले: त्यांचा एकविसावा आणि त्याला लागून माझा विसावा. मी हात लावला. कडकडीत वाळला होता.

"वाळला का?" नानाजींनी विचारलं.

"नाही जी. अजून इंचभर ओला आहे."

नानाजींनी खिशातली पट्टी अर्धी बाहेर काढली. माझ्याकडे पाहिलं. आणि परत आत ठेवली.

"राहू दे मंग," म्हणाले.